‘आकडा किती?’ असे विचारणाऱ्यांस

कोयनानगर येथे पावसाळ्यात संध्याकाळची सभा भरवावयाची म्हणजे सभेचा पहिला अर्धा तास छत्र्या मिटविण्यात जातो. तरीही गेल्या वर्षावासात तेथील तरुण मंडळींनी भरविलेल्या वादसभेस खोली अपुरी पडली. विषयच तसा होता. ‘मानवी इतिहासातील सर्वांत घोर सामुदायिक अत्याचार कोणता?’ असे फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते आणि त्याखाली पहिले, दुसरे व तिसरे पारितोषिक. पारितोषिके वक्त्यांसाठी होती, हे उघड आहे. परंतु सभा जसजशी रंगात आली तसतशी ती अत्याचारांनाच वाटावयाची आहेत की काय, असे आम्हांस वाटू लागले.

एकाने हिटलरने मारलेल्या ६० लाख ज्यूंचा आकडा सांगितला. दुसऱ्याने आफ्रिकेतून जहाजांत कोंबून अमेरिका खंडाकडे रवाना केलेल्या सुमारे सव्वा कोटी गुलामांची गोष्ट काढून पहिल्याला मागे टाकले. तिसऱ्याने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मेलेले सुमारे ३० लाख जीव पुढे केले; युद्धकाळात धान्य नेले कोणी आणि अडविले कोणी, हेही सांगितले. एका मुलीने १९९४ साली रवांडात सुमारे १०० दिवसांत झालेली ८ लाखांच्या आसपास माणसांची कत्तल सांगितली, आणि आकडा लहान असला तरी वेग मोठा होता असा युक्तिवाद केला. वयाने सर्वांत लहान असलेल्या एका विद्यार्थ्याने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सांगावयास आरंभ केला. आपल्या गावचे सुमारे १८० मृत त्याला जवळचे वाटावेत, हे स्वाभाविक होते. अध्यक्षांनी त्याला ममतेने थांबविले. भूकंप हा अत्याचार नव्हे, कारण तो कोणी केलेला नाही, असे ते म्हणाले.

शेवटी आमचा एक तरुण उठला. ज्याचा आरंभ कोणाला सांगता येत नाही आणि ज्याचा अंत अद्याप झालेला नाही, ती अस्पृश्यता हाच इतिहासातील सर्वांत घोर अत्याचार होय, असे त्याने सांगितले, बाबासाहेबांचा आधार दिला, खणखणीत बोलला. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर मागच्या बाकावरून एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बाळ, बोललास छान. पण आकडा किती? त्यांचे साठ लाख, ह्यांचे सव्वा कोटी. तुमचे किती मेले?”

तरुण गप्प राहिला. परीक्षकांनी त्यास तिसरे पारितोषिक दिले.

त्या गृहस्थांचा स्वर कुत्सित नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कुत्सित प्रश्नाची वासलात लावणे सोपे असते. हा प्रश्न सरळ होता, आणि अशा सरळ प्रश्नापुढेच आपली मुले निरुत्तर होतात. म्हणून त्यास येथे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आधी आकडा म्हणजे काय, ते पाहू. आकडा मेलेल्यांच्या संख्येतून निघत नाही, तो वहीतून निघतो. गुलामांच्या जहाजांचा हिशेब आज इतिहासकारांस सांगता येतो, तो जहाजमालकाने माल किती भरला आणि किती उतरला हे लिहून ठेवले म्हणून. गुलामाला किंमत होती, तो मेला तर मालकाचे नुकसान होत असे, म्हणून त्याची नोंद झाली. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ व्हान्झे येथे नाझी अधिकाऱ्यांची बैठक झाली. तिच्या कागदांत युरोपातील ज्यूंची देशवार यादी आहे, आणि तिची बेरीज १ कोटी १० लाखांवर जाते. मारणाऱ्यांनीच मोजून ठेवले होते. आता सांगा, महारवाड्यात किती अर्भके पाण्यावाचून गेली, किती बाळंतिणी वैद्याने शिवण्यास नकार दिल्यामुळे गेल्या, मेलेल्या ढोराचे मांस खाऊन पटकीने किती गेले, याची वही कोणी ठेवावयाची होती? पाटलाने? कुळकर्ण्याने? अस्पृश्य कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे त्याच्या मरणाने कोणाचेच नुकसान होत नव्हते. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले आहे. ‘आकडा किती?’ असे विचारणाऱ्याने आधी ‘वही कोठे आहे?’ असे विचारावे. आणि वही नाही असे कळल्यावर ती का नाही, हेही विचारावे.

हे केवळ जुन्या काळाचे आहे, असेही समजू नये. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील गावोगाव बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. त्या वेळी ज्याने आपल्या कागदावर ‘बौद्ध’ असे लिहिले होते, तो केंद्र सरकारच्या यादीत अनुसूचित जातीचा नव्हता. १९५६ साली धर्मांतर केले आणि यादीतून नाव गेले. ते परत येण्यास १९९० उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत जाळणाऱ्याला आमची जात बरोबर ठाऊक होती, दिल्लीच्या यादीला मात्र ती ठाऊक नव्हती. जे यादीतच नाहीत त्यांचा आकडा यादीतून कसा काढणार?

आता आम्ही वाचकांस कोयनेच्या काठाकाठाने थोडे खाली नेतो. कोयना कराडास कृष्णेला मिळते. कराड तालुक्यातच मसूर हे रेल्वेचे स्थानक आहे. १९०१ सालच्या उन्हाळी सुटीत चार मुले साताऱ्याहून निघून संध्याकाळी या स्थानकावर उतरली. त्यांपैकी एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. त्याचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारी कामावर खजिनदार होते. काम कसले? तर दुष्काळात हजारोंनी मरणाऱ्या लोकांस रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलाव खोदावयास घेतला होता.

मुलांचे पत्र वेळेवर पोचले नव्हते, त्यामुळे त्यांना न्यावयास कोणी आले नव्हते. कपडे चांगले होते. स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली, आणि मुलांनी भाबडेपणाने आपण महार आहो असे सांगताच तो पाच पावले मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यावाचून तयार होईनात; आणि तयार झाला तोही एका अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी व आपण बाजूने चालावे. शिदोरी बरोबर होती, पण घशाखाली उतरण्यास पाणी हवे, ते कोठेही मिळाले नाही. नाक्यावर ‘आम्ही मुसलमान आहोत’ अशी बतावणी करूनही मिळाले नाही. मुले रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

वाचकहो, या एका प्रवासात दोन अत्याचार शेजारी शेजारी उभे आहेत, ते नीट पाहा. एकीकडे दुष्काळ. त्यात माणसे हजारोंनी मरत होती, त्याचे अहवाल निघत होते, त्यासाठी तलाव खोदले जात होते, मजुरी वाटली जात होती आणि ती वाटणाऱ्या खजिनदाराची जात महार होती. दुसरीकडे त्याच खजिनदाराची मुले, ज्यांना त्याच तालुक्याच्या वाटेवर ओंजळभर पाणी मिळत नव्हते. एकही मूल मेले नाही. आकडा शून्य! वादसभेतील परीक्षकांनी पहिले पारितोषिक दुष्काळाला दिले असते, यात शंका नाही. आम्ही त्या दुष्काळाला लहान म्हणत नाही. आमचेही पूर्वज त्यात मेले आहेत, आणि उपाशीपोटी मेले आहेत. पण पाऊस पडल्यावर तो दुष्काळ संपला. नाक्यावरची तहान पावसाने संपणारी नव्हती. ती २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेली, तेथून न्यायालयात गेली, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली निकाल दिला तेव्हा कुठे त्या तळ्यापुरती कागदावर फिटली. आणि ती एकाच तळ्यापुरती होती. २००७ साली आपल्याच जिल्ह्यात, माण तालुक्यातील कुळकजाई येथे, विहीर खोदण्यावरून एका बौद्ध शेतकऱ्याचा जीव घेण्यात आला. २०१० साली आरोपी निर्दोष सुटले.

एक माणूस. सामुदायिक अत्याचारांच्या कोणत्याही यादीत त्याला स्थान मिळणार नाही, कारण तो एकटा मेला. अस्पृश्यतेची खुबीच ही आहे. ती गर्दीला एकत्र करून मारीत नाही, एकेकाला वेगळे गाठते. एका विहिरीवर एक, एका वरातीच्या घोड्यावर एक, एका शाळेच्या माठापाशी एक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे ५७,५८२ गुन्हे नोंदविले. हे केवळ नोंदले गेलेले. यांतील प्रत्येक गुन्हा आपापल्या गावात ‘किरकोळ भांडण’ होता.

येथपर्यंत वाचून आमचा तो तरुण म्हणेल, “मग मी तेच तर म्हणत होतो! आपलाच अत्याचार सर्वांत मोठा.” नाही. येथेच आमचा त्याच्याशी मतभेद आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही.

हा वाद कोयनानगरात जन्मलेला नाही. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहून हिंदुस्थानची नालस्ती केली. त्यास लाला लजपतराय यांनी १९२८ साली ‘अनहॅपी इंडिया’ हे पुस्तक लिहून उत्तर दिले. मेयोबाईचा हेतू शुद्ध नव्हता, हे मान्य. पण लालाजींचे उत्तर काय? तर अमेरिकेत कृष्णवर्णीयांस झाडाला टांगून मारतात, जिवंत जाळतात. त्या मानाने आमची अस्पृश्यता काहीच नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या घराला मोठी आग लागली आहे, म्हणून आमच्या घरातील आगीस आग म्हणू नका! या युक्तिवादाला उत्तर म्हणून बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आणि अस्पृश्यता अधिक वाईट असा निर्णय दिला. आमच्या तरुणाने निर्णय तेवढा पाठ केला, तो कोणाला आणि कशासाठी दिला हे वाचले नाही. बाबासाहेब पारितोषिक मागत नव्हते. ‘तुमचे दुःख लहान आहे, गप्प बसा’ असे सांगणाऱ्याचे तोंड बंद करीत होते.

पुरावा हवा असेल तर १९४६ चा जुलै महिना पाहा. न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालू होता. अमेरिकेतील नॅशनल नीग्रो काँग्रेस या संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे आपल्या लोकांच्या हक्कांसाठी अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आमची अस्पृश्यता तुमच्या गुलामगिरीहून वाईट आहे, असे त्यात सिद्ध करीत बसले काय? मुळीच नाही. दोन्ही समाजांच्या स्थितीत मोठे साम्य आहे असे कळवून त्यांनी त्या अर्जाच्या दोनतीन प्रती मागितल्या. अर्जाच्या प्रती! ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीचे उत्तर पाठविले. ज्या माणसाने अस्पृश्यतेला गुलामगिरीहून वाईट ठरविले, तोच माणूस गुलामांच्या नातवंडांकडे अर्जाचा नमुना मागतो. तुलना कशासाठी करावयाची, याचा याहून चांगला दाखला आम्हांस तरी ठाऊक नाही.

त्याच्याही आधी १८७३ साली ज्योतिरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केली. ज्योतिरावांचे मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातले. त्यांनीही परक्यांचे दुःख आपल्या दुःखाशी ताजव्यात घातले नाही. ते कसे निवारले गेले, हे पाहिले.

आता आपल्याच लोकांस थोडे कडू लागेल असे बोलतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत हा विषय निघाला की कोणी तरी १९४८ सालाची आठवण काढतो. गांधीजींचा खून करणारा ब्राह्मण होता, म्हणून या भागातील ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नव्हता अशी कुटुंबे गाव सोडून गेली. आपल्यापैकी काही जण यावर म्हणतात, “आमचे दोन हजार वर्षांचे जळणे, त्यापुढे तुमची चार दिवसांची आग ती काय!” हे लालाजींचेच वाक्य आहे, फक्त बोलणारा बदलला. एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या जातीत जन्मलेल्या सर्वांना जाळणे, ही तर जातिव्यवस्थेची मूळ कल्पना. जन्मावरून माणसाचा निकाल लावणे आम्ही २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीबरोबर जाळले. ते ब्राह्मणाच्या घरापुरते पुन्हा जिवंत करावयाचे काय? १९४८ च्या आगी अत्याचार होत्या, असे म्हणण्याने आमचे काहीही कमी होत नाही. कमी होते असे ज्याला वाटते, त्याने आपला अत्याचार पारितोषिकाला लावला आहे.

आणि जन्मावरून निकाल लावण्याचे काम माणसेच करतात असे नाही, देवाकडूनही ते करवून घेतले जाते. कोयनानगरच्या त्या छोट्या विद्यार्थ्याची येथे आठवण होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर निषेध केला. गांधीजींचा हेतू आमच्या बाजूचा होता, असे सांगतात. असेल. पण हा कसला न्यायाधीश, जो सवर्णांच्या पापासाठी चांभाराची झोपडीही पाडतो? भूकंपाला अत्याचार म्हणणारे ते मूल चुकले, आणि भूकंपाला न्याय म्हणणारे महात्मेही चुकले. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटली. अत्याचाराला कर्ता असतो, आणि कर्त्याला नाव असते.

मग मोजावयाचेच नाही काय? मोजावे. अवश्य मोजावे. पण कोणी आणि कशासाठी मोजले, ते सांगून मोजावे. सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचे आकडे कोरून ठेवले आहेत. १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख धरून नेली, आणि त्याच्या अनेक पट मेली. हा आकडा जिंकलेल्या राजाने स्वतः दिला आहे, तो फुशारकीसाठी नव्हे तर पश्चात्तापासाठी. अत्याचार करणारानेच वही उघडून दाखविल्याची अशी उदाहरणे जगात थोडी. (खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, मात्र हा लेख कोरलेला नाही; तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांचे आप्त मेले त्यांच्यापुढे तो आकडा वाचण्याचे धैर्य सम्राटासही झाले नाही, की जखमेवर मीठ नको म्हणून त्याने तो वगळला? वाचकांनी आपापल्या परीने ठरवावे.)

आमच्या मते प्रत्येक अत्याचाराला विचारावयाचे प्रश्न वेगळेच आहेत. तो कोणत्या कायद्याच्या किंवा शास्त्राच्या आधाराने झाला? करणाऱ्यांपैकी किती जण न्यायासनापुढे उभे राहिले? वाचलेल्यांना काय मिळाले? आणि तो पुन्हा होऊ शकतो काय? हे प्रश्न घेऊन बसले, की वादसभेचे सारे क्रमांक उलटेपालटे होतात.

ज्यूंच्या संहाराबद्दल न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने १९४६ साली बारा जणांना देहान्ताची शिक्षा दिली. १९५२ साली पश्चिम जर्मनीने इस्रायलशी करार करून भरपाई मान्य केली. ते पुरेसे होते असे नाही, साठ लाखांची भरपाई कशानेच होत नाही. पण गुन्हा झाला, हे गुन्हा करणाऱ्या राष्ट्राने मान्य केले. आता आपल्याकडे या. २५ डिसेंबर १९६८ रोजी तामिळनाडूतील तंजावर भागात कीळवेण्मणी येथे मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांपैकी ४४ जण, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. तारीख पाहिलीत? मनुस्मृती जाळल्याला त्या दिवशी एक्केचाळीस वर्षे झाली होती. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली. एवढे श्रीमंत, मोठ्या जमिनींचे मालक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ जण मारले गेले. २०१० साली खालच्या न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी १६ जणांना फाशी सुनावली. २०१३ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयाने सव्वीसही जणांना सोडून दिले.

४४ आणि ५८. सव्वा कोटीपुढे हे आकडे दिसतसुद्धा नाहीत. परंतु सव्वा कोटींच्या बाबतीत आज जगात कोणीही, निदान उघडपणे, ‘ते कोणी केलेच नाही’ असे म्हणत नाही. अठ्ठावन्नांच्या बाबतीत कायद्याच्या कागदावर नेमके तेच लिहिलेले आहे. माणसे मेली आणि मारणारा कोणीही नाही. भूकंपच तो!

अजून एक. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार संमत केला. राष्ट्र, वंशसमूह, वर्ण आणि धर्म अशा चार प्रकारच्या समूहांचे त्यात रक्षण आहे. जात हा शब्द त्यात नाही. भारताने १९५९ साली त्यास मान्यता दिली, पण वंशसंहाराविरुद्ध स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाही. २००१ साली दरबान येथे वर्णद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे घेऊ नये, तो आमच्या घरचा प्रश्न आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती. हा वाद केवळ शब्दांचा नाही. ज्या गुन्ह्याला जगाच्या कायद्यात नाव मिळत नाही, त्याचा अर्ज जगाच्या न्यायासनापुढे दाखल होत नाही. घरच्या कायद्यात आम्हांस १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मिळाला, तो मोलाचा आहे. पण त्याचे कलम लावून घेण्यासाठीच गावच्या माणसाला पोलीस ठाण्याच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, परंतु न्यायालयाने ते कलम लागू धरले नाही. चार बौद्ध मेले. बौद्ध म्हणून मेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा मागच्या बाकावरील त्या सद्गृहस्थांस आमचे उत्तर असे. महाशय, आमचा आकडा आम्हांस ठाऊक नाही, कारण तो ठेवणारी वही तुमच्या-आमच्या गावात कोणी ठेवली नाही. तुम्ही वयाने मोठे आहात, तुमच्या गावच्या पाणवठ्याची हकीकत तुमच्या आजोबांनी तुम्हांस सांगितली असेल. तीच तुम्ही सांगा, त्या वहीचे पहिले पान होईल. साठ लाखांचे आणि सव्वा कोटींचे दुःख आम्ही आमच्यापेक्षा लहान म्हणत नाही. तुम्हीही ते आमच्या तोंडावर झाकण म्हणून वापरू नका. ते मेलेले लोक अशा कामासाठी मेले नाहीत.

सभा संपल्यावर तो तरुण आम्हांस एस.टी.च्या थांब्यावर भेटला. पाऊस कोसळत होता आणि कराडची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. तिसऱ्या पारितोषिकाचे पुस्तक त्याने शर्टाच्या आत धरले होते. आम्ही त्याला मसूरची गोष्ट सांगितली. त्याने ती वाचली नव्हती. कुळकजाईचे नाव तर त्याने ऐकलेही नव्हते, आणि गाव त्याच्याच जिल्ह्यातले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, त्या खटल्याच्या निकालपत्राची प्रत मिळेल का?”

मिळते. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात नकलांसाठी अर्ज करावा लागतो. खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहावी, कोर्ट फीचे तिकीट लावावे आणि पोच घ्यावी. वाचकांपैकी ज्यांना आपापल्या तालुक्यातील अशा खटल्यांची निकालपत्रे मिळवावयाची असतील, त्यांनी याच रीतीने अर्ज करावा, आणि मिळालेल्या प्रतीची एक नक्कल आमच्याकडे पाठवावी.